विष्णुपंतांची लाकूडफोड

वैशाखातल्या एका वावटळीत विष्णुपंत चारठाणकरांच्या अंगणातला कडुलिंब आडवा झाला. पडताना त्याने एवढी अदब पाळली, की ना घराच्या कौलाला धक्का लागला ना शेजारच्या किशनरावांच्या भिंतीला. दुसरा कोणी असता तर देवाला नारळ फोडून मोकळा झाला असता. विष्णुपंत अर्ज घेऊन कचेरीत गेले.

जन्मभर त्यांनी सरकारी भांडार विभागात कारकुनी केली होती. टाचणीचा डबासुद्धा तीन दरपत्रकं मागवल्याशिवाय घ्यायचा नाही, हा तिथला नियम होता आणि तो त्यांच्या रक्तात उतरला होता. सही-शिक्क्याशिवाय झाडाला हात लावायचा म्हणजे त्यांच्या हातून पापच घडल्यासारखं झालं असतं.

कचेरीतल्या बाबूने अर्ज उलटा-सुलटा करून पाहिला.

"काका, उभं झाड तोडायची परवानगी देता येते. हे तर पडलंय म्हणताव."

"पडलंय म्हणूनच तोडायचंय."

"पडलेल्याला रकाना न्हाई ना आमच्याकडं."

"मग काय उभं करून आणू?"

बाबूने मान वर करून पाहिलं. अशी सूचना त्याला या आधी कोणी केली नसावी. शेवटी तो म्हणाला, "घरी जा काका, अन् गुपचूप तोडा." एका सरकारी माणसाने दुसऱ्या सरकारी माणसाला तोंडी आदेश द्यावा, तोही गुपचूप, याचं पंतांना इतकं वाईट वाटलं की ते त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी मात्र त्यांनी दोन वाट्या धपाटे खाल्ले. धपाटे वाटीने मोजत नाहीत, पण सुमंगलाबाईंनी दही वाटीने दिलं होतं, म्हणून हिशेब तसा लागला.

लिंबाचा बुंधा सुताराने नेला. अंगणात राहिले ते मांडीएवढ्या जाड फांद्यांचे ओंडके. किशनराव भिंतीवरून म्हणाले, "विकून टाका की पंत." पण ते शक्य नव्हतं. पंतांची एकुलती लेक ईश्वरी पहिल्या बाळंतपणाला मार्गशीर्षात माहेरी यायची होती, आणि बाळंतिणीचं न्हाणं बंबाच्या पाण्यानेच व्हायचं, असा सुमंगलाबाईंचा हुकूम होता. मोरीबाहेर उभा असलेला तांब्याचा बंब त्यांनी चिंचेने घासून लख्ख करून ठेवला होता. गल्लीतल्या सगळ्या बाळांना न्हाऊ घालणाऱ्या सरजाबाईंनीही त्यावर शिक्कामोर्तब केलं होतं. "गिझरचं पाणी नुसतं गरम ऱ्हातंय. बंबाचं पाणी हाडात जातंय. लाकडं मातुर बारीक फोडून ठिवा. ह्ये असलं धूड बंबात जायचं न्हाई."

लाकडं फोडायची तर सिताराम हवा. सिताराम आला, ओंडक्यांभोवती एक फेरी मारली, त्यातल्याच एकावर बसून चहा प्याला आणि म्हणाला, "मालक, आता माझं खांदं गेलं. नातवाचा सदरा बी अंगात घालाया दुसरं माणूस लागतंय." बशी पालथी घालून तो निघून गेला. पंतांनी आणखी दोघांना विचारलं. एक आता बँकेच्या दारात पहारेकरी होता आणि दुसऱ्याने फोनवरच विचारलं, "लाकडं? कशाला?"

अशा वेळी पुण्याहून जावयाचा, अवधूतचा, एक व्हिडिओ आला. परदेशातली एक गोरी बाई विजेच्या यंत्रावर ओंडका ठेवत होती. मागून एक लोखंडी ठोकळा त्याला रेटायचा, पुढच्या पात्यावर ओंडका चढायचा आणि काकडी चिरावी तसा दोन फाकांत पडायचा. बाई हसायची. तिच्या केसांची बटसुद्धा हलत नव्हती. पंतांनी तो व्हिडिओ पुन्हापुन्हा पाहिला. सुमंगलाबाईंनी मागे उभं राहून एकदाच पाहिला आणि विचारलं, "बाई बोलत का नाही काही?"

"कामाच्या वेळी काय बोलायचं असतं?" पंत म्हणाले, आणि त्या विषयावर बराच वेळ बोलले.

यंत्र घ्यायचं ठरलं. आता खरी परीक्षा होती ती निवडीची. पंतांनी कपाटातून जुना आखीव कागद काढला आणि वर शीर्षक घातलं: 'तुलनात्मक तक्ता'. निवृत्तीनंतर एवढे ते कधी खुलले नव्हते.

पहिला प्रकार शंकूच्या आकाराच्या फिरत्या स्क्रूचा होता. तो लाकडात घुसतो आणि लाकूड उकलतं. किशनराव वीज कंपनीतून निवृत्त झालेले, त्यामुळे फिरणाऱ्या कोणत्याही वस्तूवर त्यांचा अधिकार चालायचा. ते म्हणाले, "पंत, तुमी धोतर नेसताव. त्या स्क्रूला धोतर गावलं तर लाकूड ऱ्हाईल बाजूला." हा प्रकार तक्त्यातून 'पोशाखाच्या कारणास्तव' बाद झाला. दुसरा प्रकार पेट्रोलवरचा. त्याचा आवाज ऐकून बाळ दचकेल, म्हणून तोही गेला. राहिलं ते विजेवरचं, तेलाच्या दाबाने रेटणारं. त्यातही आडवं आणि उभं असे दोन पोटभेद निघाले, आणि प्रत्येकात पाच टनी, सात टनी, दहा टनी.

"पाच टन!" किशनराव भिंतीवरून जवळजवळ अलीकडेच आले. "पंत, तुमच्या फरशीखाली जुना हौद हाय. पाच टनाचं यंत्र ठिवलं तर यंत्रासगट तुमी पाताळात."

पंतांनी तो मुद्दा तक्त्यात 'शेरा' म्हणून नोंदवला आणि फरशी टिकेल का, हे विचारायला एका गवंड्याला बोलावलं. गवंडी फरशीवर उड्या मारू लागला, तेवढ्यात समोरच्या घरातले सिद्धोधन सर बाहेर आले. सर विद्यापीठात शेतीची अवजारं शिकवत. त्यांनी शांतपणे सांगितलं, की पाच टन हे वजन नाही, रेटा आहे. यंत्राचं वजन एका धडधाकट माणसाइतकंही भरत नाही.

हे कळताच पंतांचा हुरूप वाढला. वजन नसेल तर दहा टनीच का घेऊ नये?

"दहा टनीला थ्री फेज लागंल, काका," सर म्हणाले. "तुमच्या ओंडक्यांना पाच टन भरपूर झालं. फक्त एक करा, उशीर करू नका. लिंब ओला आहे तोवर फटाफट फुटतो. वाळला की चिवट होतो, तंतू एकमेकांत गुंतलेले असतात त्याचे."

"बरोबर आहे," पंत म्हणाले. "घाई करून चालणार नाही."

सर आपल्या घरी परतले. विद्यार्थ्यांची सवय असल्यामुळे त्यांना असल्या गोष्टींचा राग येत नसे.

दरपत्रकं मागवण्यात ज्येष्ठ गेला. एका दुकानदाराने दरपत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, त्यावर शिक्का नव्हता. पंतांनी ते परत पाठवलं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली गोष्ट परत कशी पाठवतात, हे त्यांना किशनरावांच्या सुनेने शिकवलं. आषाढात उभं की आडवं यावर गल्लीत चर्चा झाली. श्रावणात ईश्वरीचा फोन आला, "बाबा, गॅस गिझर घ्या ना सरळ," आणि आई-लेकीची त्यावरून कुरबुर झाली. भाद्रपदात सुमंगलाबाईंनी एकच प्रश्न विचारला, "त्याला झाकण येतं का?" कोणत्याच दरपत्रकात झाकणाचा उल्लेख नव्हता, त्यामुळे सगळ्या दुकानदारांना फिरून खुलासा मागवावा लागला. इकडे अंगणात ओंडके ऊन खाऊन-खाऊन टणटणीत झाले होते. टिचकी मारली तर घंटेसारखे वाजायचे.

अखेर जिंतूरच्या बालाजीच्या दुकानावर शिक्कामोर्तब झालं. बालाजी कडबाकुट्ट्या आणि फवारणीचे पंप विकायचा. त्याने पंतांसमोर बाभळीचा एक ओंडका यंत्रावर ठेवला, दोन्ही हातांनी यंत्र चालवलं आणि तोंडातला तंबाखूचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात जायच्या आत बाभूळ दुभंगली.

"लय दणकट माल हाय, काका. डोळे झाकून न्या."

डोळे झाकून न्यायला पंत तयार नव्हते. त्यांनी खोक्यावरची सगळी अक्षरं वाचली, मग टेम्पोत चालकाशेजारी बसून यंत्रासह परभणीला आले. वाटभर मागे वळून पाहत होते. नव्या सुनेला घरी आणताना सासरा असाच वळून पाहत असावा.

खंडेनवमीला यंत्राची पूजा झाली. झेंडूची माळ, हळदकुंकू, खाली पाट. गल्ली जमली. सिद्धोधन सर आणि त्यांच्या पत्नी धम्मशीलाबाई आल्या, सरजाबाई पायरीवर बसल्या, किशनराव टेस्टर घेऊन तयारीत. सुमंगलाबाई निरांजनाचं ताट घेऊन यंत्राच्या बाजूला उभ्या होत्या.

पंतांनी एक हात बटणावर आणि दुसरा दांड्यावर ठेवला. यंत्र गुणगुणलं. लोखंडी ठोकळा पुढे सरकला, ओंडक्याला टेकला. ओंडका पात्याकडे निघाला.

"आता इथं लक्ष द्या," पंत म्हणाले आणि त्यांनी बोट वर केलं.

ठोकळा थांबला आणि मागे गेला.

पंतांनी पुन्हा सुरू केलं. पुन्हा ओंडका पात्यापर्यंत गेला. "याला म्हणतात तेलाचा दाब," पंत म्हणाले. पंतांना हात न हलवता बोलता येत नसे. भांडार विभागातही ते फोनवर बोलताना समोरच्या भिंतीला बोटाने समजावत. ठोकळा पुन्हा मागे गेला. तिसऱ्यांदा मागे गेला तेव्हा सरजाबाई म्हणाल्या, "लाजायलंय का काय ते?"

गल्ली हसली. पंतांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"व्होल्टेज," किशनरावांनी निदान केलं. ते एवढ्या खात्रीने बोलले की सिद्धोधन सरांनी उघडलेलं तोंड मिटलं. किशनरावांनी स्वतःच्या हाताने नवी वायर ओढली, जोड दिला, चिकटपट्टी गुंडाळली आणि म्हणाले, "आता दाबा." पंतांनी दाबलं. फट्ट असा आवाज आला आणि खांबावरचा फ्यूज उडाला. गल्लीतल्या सगळ्या घरांतले मिक्सर, पंखे आणि टीव्ही एकदम मुके झाले. सणाचं पुरण कुणाचं अर्धं वाटून झालं होतं, कुणाचं तेवढंही नाही. धम्मशीलाबाई "बघते जरा घरी" म्हणून गेल्या, मग बाकीचेही बघायला गेले. अंगणात उरले पंत, माळ घातलेलं यंत्र आणि टेस्टर चाचपणारे किशनराव.

"तुमचा मंजूर भार कमी पडायलाय," किशनराव म्हणाले. चूक वायरीची नसून मंजुरीची आहे, हे त्यांनी आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं.

म्हणून पंत भार वाढवून घ्यायला वीज कार्यालयात गेले. तिथल्या मुलीने विचारलं, "वापर कशासाठी, आजोबा? घरगुती, व्यापारी, का शेती?"

पंत प्रामाणिक माणूस. "बाळंतपण," ते म्हणाले.

मुलीने पडद्यावर खालपर्यंत शोधलं. "बाळंतपण न्हाई यात."

पंतांनी तिला यंत्र काय करतं ते समजावलं. ते ऐकून मागच्या टेबलावरचा गृहस्थ म्हणाला, "म्हणजे आरागिरणीच म्हणा की." हे वाक्य पंत घरी पोचायच्या आधी गल्लीत पोचलं. चारठाणकरांनी म्हातारपणी आरागिरणी काढली म्हणे! दोनच दिवसांत जंगलखात्याचा एक माणूस मोटारसायकलवर आला आणि अदबीने विचारू लागला, की परवाना आहे का. पंतांनी त्याला यंत्र दाखवलं, चालू करून दाखवलं, आणि चालू असताना कायद्यातला आरागिरणीचा अर्थ बोटाने समजावला. ठोकळा मागे गेला. त्या माणसाने तीनदा पाहिलं.

"काका," तो म्हणाला, "ह्याच्यानं लाकूडच फुटंना. परवाना कशाचा देणार?"

एखाद्याने गुन्हेगार म्हटलेलं सोसतं. गुन्हा जमत नाही म्हटलेलं सोसत नाही. पंत त्या रात्री छताकडे पाहत पडून राहिले.

दिवाळी झाल्यावर यंत्र पुन्हा टेम्पोत बसून जिंतूरला गेलं. बालाजीने काही न बोलता दोन्ही हात ठेवले आणि एकामागून एक ओंडके फोडून दाखवले. यंत्र परत आलं. पंतांनी चालवलं, आणि सुरू होताच भिंतीवरून डोकावणाऱ्या किशनरावांना सांगू लागले की जिंतूरला काय काय झालं. ठोकळा मागे गेला. त्यांनी फोन लावला. बालाजी बराच वेळ ऐकत राहिला आणि शेवटी कळवळून म्हणाला, "काका, राग धरू नका, पण त्या मशीनला तुमी पसंत न्हाई."

मग ईश्वरी आली. जड पावलांनी अंगणात शिरताना तिने ढीग पाहिला आणि झाकून ठेवलेलं यंत्र पाहिलं. झाकण सुमंगलाबाईंनी जुन्या सतरंजीचं शिवलं होतं. थंडीने जोर धरला होता. परभणीची थंडी एकदा आली की पहाटे दुधाच्या पातेल्याचं झाकणसुद्धा हाताला चावतं. सरजाबाई रोज येऊन ईश्वरीच्या पोटाकडे बघायच्या, मग लाकडांकडे, मग पंतांकडे. शेवटची नजर सगळ्यात वाईट होती.

पंतांनी ठरवलं, यंत्र देऊन टाकायचं आणि गॅसचा गिझर आणायचा. हे त्यांनी सुमंगलाबाईंना सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. एरवी पंत निर्णय सांगत ते उभ्याने, बोट वर करून. या वेळी ते पाटावर बसून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बोलले. सुमंगलाबाईंनी सूप खाली ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पंत पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला त्यांना दुपार झाली, कारण यंत्रावर अंगठ्याचा ठसा उमटत नव्हता. लाकडाच्या यंत्राने नाकारलं होतंच, आता माणसाच्या यंत्रानेही. उतरल्या चेहऱ्याने ते गल्लीच्या तोंडाशी आले, तेव्हा त्यांना आवाज ऐकू आला. आधी गुणगुण, मग कर्र कर्र, आणि मग काड्कन. थोड्या वेळाने पुन्हा.

फाटक उघडलं तर सुमंगलाबाई यंत्राशी उभ्या होत्या. पदर खोचलेला, दोन्ही हात यंत्रावर, ओठ मिटलेले. चिवट वाळलेला लिंब पात्यावर चढत होता, कुरकुरत होता, तंतू ताणत होता, आणि त्या नुसत्या उभ्या होत्या. ओंडका उकलला. आत लालसर तपकिरी होता. बाजूला फोडलेल्या लाकडांची छातीएवढी रास झाली होती. ईश्वरी शाल पांघरून खुर्चीत बसली होती आणि इतकी हसत होती की पंतांना तिची काळजी वाटली.

"चालू कसं झालं?" पंतांनी विचारलं.

सुमंगलाबाईंनी पुढचा ओंडका फुटेपर्यंत उत्तर दिलं नाही. मग हात सोडले. "दोन्ही हात लागतात त्याला. एक सोडला की थांबतं. माणसाचा हात मध्ये जाऊ नये म्हणून केलेलं आहे तसं."

"कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? खंडेनवमीला मी शेजारीच उभी होते की. तुमी बोट वर केलं की ते मागं जायचं."

पंतांच्या डोळ्यांसमोरून सगळं झरझर गेलं: फ्यूज, वीज कार्यालयातलं बाळंतपण, जंगलखातं, जिंतूरच्या खेपा. "मग इतके दिवस सांगायचं नाही का?"

"सांगणार होते," सुमंगलाबाई म्हणाल्या. "पण त्यासाठी तुमी थांबायला पाहिजे होतं ना बोलायचे."

पंत जवळच्या ओंडक्यावर बसले. रागवायचं असं त्यांनी ठरवून पाहिलं, पण राग कुणावर काढायचा ते सापडेना. मग ते उठले आणि म्हणाले, "सरक, मी करतो." दोन्ही हात ठेवले. तोंड मिटलं. एक ओंडका फुटला, दुसराही फुटला. तिसऱ्याच्या वेळी भिंतीवर किशनराव उगवले. "काय पंत, व्होल्टेज आलं वाटतं?" आता या प्रश्नाला उत्तर न देणं कोणाही विचारी माणसाला शक्य नव्हतं. पंतांनी उत्तर दिलं, सविस्तर. ठोकळा मागे गेला. त्यानंतर त्यांनी आपण होऊन यंत्र सोडलं आणि ओंडके उचलून आणायचं काम पत्करलं.

मार्गशीर्षात ईश्वरीला मुलगी झाली. रोज सकाळी बंब पेटायचा, मोरीतून वाफेचे लोट निघायचे. सरजाबाई पायांवर बाळाला घेऊन हात बुडवून बघायच्या आणि म्हणायच्या, "हां, ह्ये पाणी!" मुलगी कर्कश रडायची आणि धुपाच्या वासात गाढ झोपायची. पंत दाराआडून ते ऐकत. आत जायची त्यांना परवानगी नव्हती, आणि या वेळी त्यांनी अर्जही केला नाही.

यंत्राचा आवाज गल्लीला सवयीचा झाला. धम्मशीलाबाईंनी छाटलेल्या आंब्याच्या फांद्या पाठवल्या. मग कुणी चुलीसाठी, कुणी हुरड्याच्या आगटीसाठी लाकडं आणू लागलं. सुमंगलाबाई दुपारी पदर खोचून उभ्या राहायच्या. त्या वेळात त्यांना कोणी काही विचारत नसे, आणि हे त्यांना फार आवडत असावं, असं पंतांना वाटू लागलं.

एके सकाळी मागच्या गल्लीतले भगवानराव रिक्षात बाभळीचे ओंडके घालून फाटकाशी आले. पंतांची त्यांची ओळख नव्हती.

"मशीनवाल्या बाई हायत का?"

"आहेत. नातीला झोपवायल्यात," पंत म्हणाले. त्यांनी चष्मा लावला, एकेक ओंडका फिरवून पाहिला आणि दोन बाजूला काढले. "यांना गाठ आहे, हे घेता येणार नाहीत. बाकीचे ठेवून जा. उद्या दुपारनंतर या."

"आजच झालं असतं तर बरं झालं असतं," भगवानराव म्हणाले आणि धोतरातल्या या गृहस्थांकडे जरा संशयाने पाहिलं. "बाईंनाच विचारतो की. तुमी कोण म्हणायचे?"

पंतांनी धोतराचा सोगा सावरला आणि ओंडक्यांवर खडूने नाव घालायला वाकले.

"मी इथला आवक-जावक," ते म्हणाले.